उतारशाळेचा रक्षक

वाचावयाचा शास्त्रभाग : लूक 10 : 30–35, प्रेषितांचीं कृत्यें 6 : 1–6.



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांपैकीं लहानथोरांस तोंडपाठ आहे. शब्बाथशाळेंतील मुलें नाताळाच्या वेळीं त्याचें नाटक करितात. त्यांत एक मुलगा चोर होतो, एक याजक, एक लेवी. आणि ज्याला कोणतेंच काम मिळत नाहीं असा एखादा लाजाळू मुलगा शेवटीं उतारशाळेचा रक्षक होतो. त्याला बोलावयास एक शब्दही नसतो. त्यानें केवळ हात पुढें करावा, दोन नाणीं घ्यावीं, व मान हालवावी. आम्ही उपदेशकही त्या रक्षकाशीं असेंच वागत आलों आहों. मीं स्वतः या दाखल्यावर कितीदां उपदेश केला याचा हिशेब नाहीं. परंतु त्या रक्षकाविषयीं एक वाक्यही बोलल्याचें मला स्मरत नाहीं.

तरी विचार करा. त्या जखमी मनुष्याचे पुढचे सर्व दिवस कोणाच्या हातीं होते? शोमरोन्यानें तेल व द्राक्षारस घालून जखमा बांधिल्या, आपल्या जनावरावर बसवून आणलें, हें सर्व एका दिवसाचें काम. मलमपट्टी बदलणें, कूस बदलणें, रात्रीं तहान लागली तर उठून पाणी देणें, मळलेलें अंथरूण न कुरकुरतां काढणें, हें त्या रक्षकाचें किंवा त्याच्या नोकरांचें काम. तो रक्षक कसा होता तें प्रभूनें सांगितलें नाहीं. तो दयाळू असेल, किंवा केवळ पैशाचा मनुष्य असेल. प्रभूनें सांगितली ती गोष्ट दुसरीच आहे : जो त्या मनुष्यास तेथें ठेवून गेला, त्यानें आपण परत येऊं व जो अधिक खर्च होईल तो आल्यावर देऊं असें कबूल केलें. या परत येण्याविषयींच मला आज तुम्हांशीं बोलावयाचें आहे, कारण या बाबतींत मजकडून एक पाप घडलें आहे.

आमच्या मंडळींतील एक वृद्ध बाई, एका दिवंगत उपदेशकाची विधवा, गेलीं दोन वर्षें कांदिवलीस एका वृद्धाश्रमांत आहेत. त्यांचें नांव मी लिहीत नाहीं, व त्या आश्रमाचेंही लिहीत नाहीं. त्यांना गांवांत सगळे ‘बाई’ म्हणत, कारण अर्ध्या गांवाला अक्षरओळख त्यांनीं करून दिली. पतीमागें त्या एकट्या राहिल्या, ओसरीवर पडून खुब्याचें हाड मोडलें, आणि मुलानें त्यांना मुंबईस नेलें. मुलगा व सून कांदिवलीस चारकोपच्या बाजूला एका खोलींत राहतात. दोघेंही सकाळीं सातला बाहेर पडतात व रात्रीं आठाला परततात. पांच महिने त्यांनीं आईला त्या खोलींत सांभाळलें. एके दिवशीं बाई दुपारीं पडल्या आणि सून घरीं येईपर्यंत, म्हणजे सहा तास, जमिनीवरच होत्या. त्यानंतर मुलानें त्यांना आश्रमांत ठेविलें. त्याच्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग त्यांत जातो.

गांवांत काय बोललें गेलें तें तुम्हांस सांगावयास नको. “पोरानें आईला टाकलें.” आणि मीं काय केलें? पुढच्याच रविवारीं तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा पांचवा अध्याय काढिला, जो घरच्यांची तरतूद करीत नाहीं त्याच्याविषयीं पौलानें लिहिलेलें कठोर वचन वाचिलें, आणि पाऊण तास बोललों. नांव घेतलें नाहीं. पण दुसऱ्या बांकावर त्या मुलाचा चुलता बसला होता आणि त्याची मान खालीं गेलेली मीं पाहिली. मला तेव्हां आपण धैर्यानें सत्य बोललों असें वाटलें. मीं त्या बाईंस एकदांही भेटलों नव्हतों. कांदिवली कोठें आहे हेंही मला धड ठाऊक नव्हतें.

पुढें वर्षभरानें दुसऱ्या कामानिमित्त मुंबईस जाणें झालें, आणि लाज वाटून म्हणा, कीं देवानें ओढून नेलें म्हणा, मी दादरला गाडी बदलून कांदिवलीस उतरलों. हें स्थानक 1907 सालचें. तेव्हां तेथें शेतें, वाड्या आणि पोयसर नदीचें पाणी. 1957 साली तो भाग बृहन्मुंबईंत घेतला गेला, आणि आतां तेथें इमारतींवर इमारती आहेत व वरून मेट्रोची गाडी धांवते. आश्रम एका इमारतीच्या दोन मजल्यांवर होता. दिवाणखाना स्वच्छ, भिंतीवर वचनांचें कॅलेंडर, कुंडींत तुळस, टेबलावर देणगीदारांचें पुस्तक. भेटीची वेळ चार ते सहा. मी चारला पोंहोंचलों. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, केस विंचरलेले, पातळ धुतलेलें. “सगळें बरें आहे, पाळकसाहेब,” त्या म्हणाल्या. आम्हीं प्रार्थना केली. माझ्या मनावरचा भार उतरला. निघतांना त्यांनीं माझ्या पिशवींत कांहीं ठेविलेलें मला कळलें नाहीं.

मुलाच्या खोलीवर आल्यावर पिशवींत त्यांच्या चष्म्याची डबी सांपडली. चष्म्यावांचून त्यांना शास्त्र वाचतां येत नाहीं, म्हणून मुलगा व मी रात्रीं साडेआठला डबी परत देण्यास गेलों. निमित्त खरें होतें. डबी चुकून आली कीं मुद्दाम ठेविली हें बाईंनाच ठाऊक, आणि मीं तें आजवर विचारलेलें नाहीं.

रात्रीं दिवाणखाना तोच होता, पण घर दुसरें होतें. बावीस वृद्ध माणसें, आणि त्यांच्यावर एकच मुलगी. कोणी हांक मारीत होतें, कोणी हांक मारण्याचें सोडून दिलें होतें. बाईंच्या खाटेजवळ पाण्याचा पेला होता. परंतु तो डाव्या बाजूला, आणि त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाहीं. मीं पाणी पुढें केलें तेव्हां त्यांनीं दोन घोट घेतले व पेला परत दिला. “जास्त नको,” त्या हळूच म्हणाल्या, “रात्रीं उठावें लागतें.” दुपारीं चारनंतर त्या पाणीच पीत नाहींत, कारण प्यालें तर रात्रीं शौचकूपास नेण्यासाठीं कोणास तरी उठवावें लागतें, आणि उठवलें तर तें माणूस रागावतें, किंवा येतच नाहीं. ज्या बाईंनीं आम्हांस याकोबाच्या विहिरीची गोष्ट शिकविली, त्या तहान दाबून झोपत होत्या. जवळच्या खाटेवरील आजोबांची पाठ त्या मुलीनें मला दाखविली. मी तिचें वर्णन येथें करीत नाहीं.

आतां तुम्ही म्हणाल, ती मुलगी निर्दय असेल. नव्हती. ती आपल्याच जिल्ह्यांतील एका खेड्याच्या मंडळींतली, उपासनेंत गाणारी, वीस वर्षांचीही नसेल. रात्रीं आठ ते सकाळीं आठ तिची ड्यूटी. दोघींची नेमणूक होती, दुसरी पंधरवड्यापूर्वीं सोडून गेली, आणि तिच्या जागीं कोणी ठेविलें नाहीं. मीं पाळक आहें असें कळतांच तिनें डोळ्यांस पदर लावला आणि म्हणाली, “काका, मी रागावतें. मला कळतें कीं मी रागावतें. पण मी एकटी काय करूं?”

त्या रात्रीं परत येतांना तो मुलगा एक शब्द बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं. मीं व्यासपीठावरून ज्याला न भेटतां दोषी ठरविलें, तो दर रविवारीं चार ते सहा आईजवळ बसत होता आणि आपण आपलें कर्तव्य केलें असें समजत होता. चार ते सहा या वेळांत जें दाखविलें जाई तें तो पाहत होता.

बंधूंनो, आतां पुन्हा शोमरोन्याकडे या. लूक सांगतो कीं त्यानें पैसे दिले ते दुसऱ्या दिवशीं. म्हणजे ती रात्र तो स्वतः त्या उतारशाळेंत राहिला. तेथील रात्र कशी असते, तेथें हांक मारली तर कोण उठतें, हें त्यानें स्वतः पाहिलें, आणि मगच तो निघाला. त्यानें दोन दिनार दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांतील दाखल्यावरून मजुराची एक दिवसाची मजुरी एक दिनार होती; तेव्हां ही दोन दिवसांची मजुरी झाली. फार मोठी रक्कम नव्हे. पण तिच्यामागें परत येण्याचा शब्द होता, आणि त्या शब्दांत हिशेब होता : तूं जें अधिक खर्चशील तें मी देईन. रक्षक कंजूष असला तरी या शब्दानें त्याचा हात सैल झाला असेल. लबाड असला तरी हा मनुष्य पुन्हा येणार, विचारणार, जखमा पाहणार, हें त्याच्या ध्यानीं राहिलें असेल. परत येणारा कोणी आहे हें त्या दुखणेकऱ्यासही ठाऊक होतें. कांदिवलीच्या त्या आश्रमांत ज्यांच्याकडे कोणीच येत नाहीं अशा चार आजी होत्या. आणि पाणी सर्वांत शेवटीं त्यांना मिळतें, हें मला त्या मुलीनेंच सांगितलें.

वृद्ध आईबापांस दुसऱ्याच्या घरीं ठेवणें हेंच मुळांत पाप आहे काय? आपल्या मंडळ्यांत पुष्कळांचें असें मत आहे, आणि माझेंही होतें. परंतु वधस्तंभावर असतां आपल्या प्रभूनें आपली आई एका शिष्याच्या हातीं दिली, आणि त्या घटकेपासून त्या शिष्यानें तिला आपल्या घरीं नेलें, असें योहान सांगतो. प्रभूनें आईला टाकिलें असें कोणी म्हणेल काय? ज्याला स्वतः सांभाळणें शक्य नाहीं त्यानें योग्य हातीं सोंपविणें हें टाकणें नव्हे. उलट शास्त्रांत एक वेगळें टाकणें सांगितलें आहे. मार्काच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें ‘कुर्बान’ म्हणणाऱ्यांस दोष दिला. ते धर्माचें नांव पुढें करून आईबापांचा भाग बुडवीत. आजचें कुर्बान निराळें आहे. “आम्ही महिन्याचे पैसे भरतों” हें वाक्य म्हणजे आजचें कुर्बान. गांवांत राहणाऱ्यांचेंही एक आहे : “त्यांचा मुलगा मुंबईस आहे ना, तो पाहील.” हें दुसरें माझें होतें.

सोंपवून दिल्यावरही न विसरणारे कसे असतात हें पाहावयाचें असेल तर आपल्या महाराष्ट्रांतच पाहा. पंडिता रमाबाईंनीं 11 मार्च 1889 रोजीं मुंबईस शारदा सदन उघडिलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें, आणि 1896–97 च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून उपाशी मुली व विधवा आणून केडगांवीं मुक्तिसदनाचा पाया घातला. 1900 च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथें सुमारें दोन हजार जीव राहत होते. एवढ्या माणसांच्या घरांत भात पुरविणें कठीण, पण रमाबाईंनीं अंध मुलींसाठीं बर्तिमी सदन वेगळें केलें, आणि त्यांस बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकविली गेली. अंध मुलीला जेवूं घातलें म्हणजे झालें असें त्यांना वाटलें नाहीं. विहिरी खणल्या, बागा लाविल्या, माग चालविले, छापखाना काढिला. तेथील बायकांस आपण येथें ओझें आहों असें वाटूं नये म्हणून प्रत्येक हातास कांहीं तरी काम होतें.

पण मला येथें सांगावयाचें तें 1897 सालचें. पुण्यास प्लेग होता. सरकारनें दुखणेकऱ्यांस रुग्णालयांत व इतरांस विलगीकरणाच्या छावण्यांत नेण्याची सक्ती केली होती. रमाबाईंच्या सदनांतलीही एक मुलगी अशी नेली गेली. शेंकडोंच्या पुढें एकीचें काय, असें कोणी म्हटलें असतें. आणि सरकारनें नेली, आतां जबाबदारी सरकारची, असेंही म्हणतां आलें असतें. रमाबाईंनीं तसें म्हटलें नाहीं. तिचा माग काढिला, तिची तेथें काय दशा झाली तें शोधून काढिलें, आणि त्या वर्षाच्या मे महिन्यांत मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकांत पत्र लिहून अशा जागीं स्त्रियांस कशी वागणूक मिळते हें उघड सांगितलें. सरकारनें तें खरें मानलें नाहीं. मिशनच्या मित्रांतही कित्येकांस अवघड वाटलें असेल, कारण राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणविणारे होते. परंतु ज्या बाईनें स्वतः शेंकडों अनाथांचें घर चालविलें, तिला दुसऱ्याच्या घरांतील दोष लपविण्याची गरज वाटली नाहीं.

हें मी मुद्दाम लिहितों, कारण आपल्यांत एक चुकीची भीड आहे. आश्रम ख्रिस्ती असला, किंवा चालविणारा मनुष्य प्रार्थना करणारा असला, कीं त्याच्याविरुद्ध कांहीं बोलणें म्हणजे देवाच्या कामास अडथळा करणें असें आपण समजतों. पहिल्या मंडळीकडे पाहा. यरुशलेमांत रोजच्या वांटणींत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. कुरकुर झाली. प्रेषितांनीं काय केलें? कुरकुर करणाऱ्यांस अविश्वासी म्हटलें काय? प्रार्थनेंत चित्त लावा असें सांगून गप्प बसविलें काय? त्यांनीं तक्रार खरी मानली, आणि आत्म्यानें व ज्ञानानें पूर्ण अशीं सात माणसें त्या कामावर नेमिलीं. त्यांत स्तेफन होता, जो पुढें साक्षीसाठीं मरण पावला. विधवांच्या ताटांत काय पडतें हें पाहण्यास मंडळीनें आपला सर्वांत चांगला मनुष्य दिला! आपण असल्या कामास कोणाला पाठवितों? ज्याला दुसरें काम नाहीं त्याला.

इमारतीवरून फसूं नका. कांदिवलीच्या उत्तरेस बोरिवलीजवळ मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज साधूंनीं तेथें चर्च केलें व वर मठ आणि नवख्रिस्ती मुलांसाठीं शाळा उभारिली. त्या भिंती आजही उभ्या आहेत. आंत शिकणारें किंवा शिकविणारें कोणी नाहीं.

मग काय पाहावें? उपदेशकांनो व मंडळीच्या वडिलांनो, हें नीट वाचा, कारण तुम्हांपैकीं कोणास तरी एखाद्या घरीं जाऊन पाहावें लागणार आहे. प्रथम हात पाहा. नखें कापलेलीं आहेत काय, बोटांच्या बेचक्या स्वच्छ आहेत काय. नखें कोणी तरी जवळ बसून, हात हातीं घेऊन कापावीं लागतात. ज्या घरांत त्याला वेळ मिळतो त्या घरांत पुष्कळ गोष्टींस वेळ मिळतो. मग टाचा व कंबर पाहा. जो स्वतः वळूं शकत नाहीं त्याची कूस दर दोन तासांनीं, रात्रींही, बदलावी लागते. नाहीं तर हाडाच्या उंचवट्यावरची कातडी प्रथम लाल होते व मग फाटते, आणि अशा जखमा भरून येण्यास महिने लागतात. कवळी तोंडांत आहे कीं डबींत, आणि चष्मा हाताशीं आहे कीं कपाटांत कुलुपाखालीं? पेला कोणत्या बाजूस आहे? म्हातारपणीं तहान लागली तरी ती फारशी जाणवत नाहीं. म्हणून नुसतें पाणी ठेविलें म्हणजे झालें नाहीं, दिवसांतून कितीदां तरी हातांत द्यावें लागतें. दिवसाढवळ्या सर्वच माणसें पेंगत असतील तर औषधाचा कागद मागा व झोपेची गोळी कोणी सांगितली तें विचारा. ज्यांची स्मृति गेली आहे त्यांना खाटेस बांधतात काय? “पडतील म्हणून बांधितों” असें उत्तर येतें. तेव्हां तेथें पाहणारें माणूस किती याची चौकशी करा. आणि कान देऊन ऐका : त्यांना तेथें नांवानें हांक मारितात, कीं “सात नंबर” म्हणून? ज्या बाईंनीं चाळीस वर्षें मुलांस नांवानें हांक मारिली त्यांना सात नंबर म्हणणें हें उपाशी ठेवण्यासारखेंच आहे.

हें सर्व भेटीच्या वेळीं दिसणार नाहीं. जेवणाच्या वेळीं जा, रात्रीं जा, पहांटे जा. मालक हरकत घेईल. जेथें भेटीची वेळ पाळण्याचा नियम फार कडक आहे तेथें त्या नियमाचें कारण विचारा. रोग्यास विश्रांति हवी हें खरें कारण आहे. बाहेरच्यांनीं पाहूं नये हें कारण नव्हे.

कायद्याविषयीं थोडें. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाविषयींचा अधिनियम 2007 साली झाला. ज्यांची मुलें समर्थ असून पोसत नाहींत ते आईबाप त्याखालीं न्यायाधिकरणाकडे अर्ज करूं शकतात. सांभाळणाऱ्यानें वृद्धास कायमचें सोडून देण्याच्या हेतूनें कोठें टाकून दिलें तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत आहे. प्रत्येक जिल्ह्यांत किमान दीडशें निराधार वृद्धांसाठीं निदान एक वृद्धाश्रम राज्य सरकारनें स्थापावा अशीही तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यांत तो कोठें आहे हें तहसील कचेरींत विचारावें. विचारणारे थोडे असतात म्हणून सांगणारेही थोडे असतात. पण कायदा पाण्याचा पेला उजव्या बाजूस ठेवूं शकत नाहीं.

आतां तुम्हां आईबापांस, ज्यांच्या मुली या कामासाठीं मुंबईस जातात. आपल्या मंडळ्यांतून कितीजणी गेल्या आहेत हें मोजून पाहा. दाखल्यांतील रक्षक कोण असें कोणी विचारलें तर मी म्हणेन, ती तुमची मुलगी आहे. तिला जातांना आपण काय देतों? उपास करून जमविलेलें बसभाडें, नवा ड्रेस, आणि “मालकाचें ऐक” असा उपदेश. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें शिपायांस आपल्या वेतनांत संतुष्ट असण्यास सांगितलें, तें वचन कित्येक जण या मुलींपुढें करितात. पण तेंच सांगतांना त्यानें त्यांना कोणावर जुलूम करूं नका असेंही सांगितलें. आणि एका माणसावर बावीस म्हाताऱ्यांचें ओझें घालणें हा त्या माणसावर जुलूम आहे व त्या बाविसांवरही. अडवून ठेविलेल्या मजुरीची आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानीं पोंहोंचते असें याकोब लिहितो. म्हणून मुलीस असें सांगा : म्हाताऱ्यांवर हात उगारूं नको, खोटें बोलूं नको, जखम लपवूं नको, आणि काम एकटीच्या आवांक्याबाहेर गेलें तर आम्हांस कळव, आम्ही येऊं. हें शेवटचें वाक्य खरें करण्याची तयारी असेल तरच बोला.

प्रभूनें पेत्रास सांगितलें होतें कीं म्हातारपणीं दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुझ्या इच्छेविरुद्ध तुला नेईल. पेत्रास तें वधस्तंभाविषयीं होतें. पण मी सत्तरीच्या जवळ आलों आहें, आणि तें वचन वाचतांना मला कांदिवलीच्या त्या खाटा दिसतात. कदाचित् त्यांतील एक माझी असेल.

त्या रात्रीनंतर काय झालें तें सांगतों. मुलगा व मी दुसऱ्या दिवशीं मालकाकडे गेलों. तो प्रथम रागावला व आवडत नसेल तर घेऊन जा म्हणाला. घेऊन कोठें जाणार, हें त्यालाही ठाऊक होतें. मग मुलानें दर रविवारीं भेटणाऱ्या इतर घरांशीं बोलणें काढिलें. त्यांत गुजराथी होते, मुसलमान होते, दोन घरें रोमन कॅथोलिक होतीं; पांच घरें एकत्र झालीं. महिनाभरानें रात्रीस दुसरी बाई आली. महिन्याची रक्कमही वाढली. मालकानें तें आधींच सांगितलें होतें आणि तें अन्यायाचें नव्हतें. वाढलेली रक्कम मुलास झेपत नाहीं, म्हणून ती आतां आमची मंडळी कापणीच्या सणाच्या दानांतून देते. हा ठराव एकमतानें झाला नाहीं. दोन वडील विरुद्ध होते. छपराचे पत्रे आधीं बदलावे असें त्यांचें म्हणणें, आणि पत्रे खरोखर गळतात.

त्या मुलाच्या चुलत्याच्या घरीं जाऊन मीं क्षमा मागितली. पुढच्या रविवारीं व्यासपीठावरूनही मागितली, कारण दोष तेथूनच दिला होता.

आणि आम्हीं एक यादी केली आहे. आमच्या गांवांतून कोर्टाला, दवाखान्याला, मुलाच्या प्रवेशाला, बाजाराला, कोणत्याही कारणानें मुंबईस जाणाऱ्यानें कांदिवलीस उतरावें, भेटीच्या वेळेबाहेर जावें, आणि ज्यांच्याकडे कोणी येत नाहीं त्या चार आजींजवळही बसावें. गेल्या आठ महिन्यांत असे अकरा जण गेले. एक जण वाट चुकून मालाडलाच उतरला आणि तरीही चालत गेला.

मी शेवटचा गेलों तेव्हां बाईंच्या उजव्या हाताशीं कान असलेला पेला होता. त्यांनीं मजदेखत तो अर्धा रिकामा केला. निघतांना त्यांनीं विचारिलें, “पुढच्या खेपेस कोण?” मीं यादींतलें नांव सांगितलें, त्यांच्याच शाळेंत शिकलेला, आतां ट्रॅक्टर चालविणारा मनुष्य. त्यांनीं क्षणभर डोळे मिटले, त्याला आठविलें, आणि मग त्या मुलीस हांक मारून म्हणाल्या, “त्याला चहांत साखर जास्त लागते हो. लहानपणापासून.”